कुणी वाईट वागलं नाही, तरी त्या गेल्या

पत्र

ताई, नमस्कार.

मी एका संस्थेत सोळा जणांच्या विभागाचा प्रमुख आहे. या खुर्चीत दहा महिने झाले, पण विभागात मी नऊ वर्षांपासून आहे. गेल्या महिन्यात आमच्या एका सहकारी बाईंनी राजीनामा दिला. कामाला चोख, कुणाशी भांडण नाही, कधी आवाज चढवलेला नाही. शेवटच्या दिवशी जो फॉर्म भरून द्यायचा असतो, त्यात ‘संस्था सोडण्याचं कारण’ या रकान्यात बहुतेक जण ‘वैयक्तिक’ असं लिहितात. त्यांनी लिहिलं, ‘इथे माझ्याशी कुणी वाईट वागलं नाही. पण सहा वर्षांत मी इथली झाले नाही.’

हे वाचल्यापासून मला नीट झोप लागत नाही. आम्ही कुणाला वेगळं वागवत नाही. आमच्याकडे अगदी घरच्यासारखं वातावरण आहे. वाढदिवस होतात, अडीअडचणीला सगळे धावून जातात. त्यांच्या निरोपाच्या दिवशीही सगळे भरभरून बोलले. त्या मात्र दोनच वाक्यं बोलल्या. मनुष्यबळ विभाग म्हणतो, एक दिवसाची कार्यशाळा घेऊ आणि संस्थेची मूल्यं लिहिलेले फलक लावू. विभागातले माझे दोन जुने मित्र म्हणतात, ‘आता काय, ऑफिसात बोलायचीही चोरी का?’ मला कुणावर खापर फोडायचं नाही. पण असं पुन्हा होऊ नये. त्यांच्या जागी नवीन माणूसही घ्यायचा आहे. नेमकं काय करू?

एक विभागप्रमुख

ता. क. दीड वर्षापूर्वी उपप्रमुखाच्या जागेसाठी त्यांनीही अर्ज केला होता. ती जागा मला मिळाली. त्याबद्दल त्यांनी कधी तक्रार केली नाही. त्यांना तसं मेलने कळवलं असावं. हे इथे गैरलागू असेल, तरी लिहितो.

उत्तर

नमस्कार.

आलेली पत्रं मी शेवटाकडून वाचते. माणसं मुख्य मजकुरात जे लिहायला हवं ते लिहितात आणि जे टोचत असतं ते ताजा कलमात टाकतात. तुमचंही तसंच झालंय. ‘गैरलागू असेल’ म्हणून जे उरकलंत तिथूनच मी सुरुवात करते, आणि त्यातही एका शब्दापासून. ‘असावं.’

एका जागेसाठी तुम्ही दोघांनी अर्ज केलात. तुमची निवड झाली तो दिवस तुम्हाला लख्ख आठवत असेल. केबिनमध्ये कुणी बोलावलं, दारातच कुणी हात हातात घेतला, घरी फोन कधी केलात, सगळं. त्याच दिवशी, पंचवीस-तीस पावलांवर बसणाऱ्या बाईंना त्यांचा निकाल कुणी सांगितला, काय शब्दांत सांगितला, सांगितला तरी का, हे त्या विभागाच्या आजच्या प्रमुखाला माहीत नाही. ती जागा तुम्हाला मिळायला नको होती असं मी म्हणत नाहीये. कदाचित तुम्हीच योग्य होतात. पण मग तर समोर बसवून सांगणं सोपंच होतं की! निकष काय होते, त्यांचं कुठे कमी पडलं, पुढच्या वेळी काय केलं तर विचार होईल. एवढं त्यांच्याशी कुणी बोललं का? मी पैजेवर सांगते, नाही. आणि त्या गप्प राहिल्या म्हणून विषय मिटला असं सगळ्यांनी धरून चाललं.

जेराल्ड ग्रीनबर्ग या अमेरिकी संशोधकाने १९९० साली प्रसिद्ध केलेला एक अभ्यास मी अशा वेळी हमखास सांगते. एका कंपनीच्या हातून मोठी कंत्राटं गेली. माणसं कमी करण्याऐवजी दोन कारखान्यांत दहा आठवडे सगळ्यांच्या पगारात १५ टक्के कपात करायचं ठरलं. तिसऱ्या कारखान्यात कपात नव्हती, त्यामुळे तुलनेला तो होताच. पहिल्या कारखान्यात खुद्द अध्यक्ष आले, सुमारे दीड तास बसले, आकडे मांडले, दिलगिरी व्यक्त केली, येतील त्या प्रश्नांना उत्तरं दिली. दुसऱ्या कारखान्यात एक उपाध्यक्ष आले आणि पंधरा मिनिटांत बातमी सांगून निघून गेले. कपात तेवढीच, आठवडेही तेवढेच. कारखान्यातल्या वस्तूंच्या चोऱ्या दोन्हीकडे वाढल्या, पण जिथे पंधरा मिनिटांत उरकलं तिथे कितीतरी जास्त. पगार पूर्ववत झाला आणि चोऱ्याही खाली आल्या.

तुमच्या सहकारी बाईंनी काही नेलं नाही. त्यांनी फक्त स्वतःला थोडं थोडं काढून घेतलं. दीड वर्ष ते चाललं होतं. गेल्या महिन्यात राजीनाम्याचा कागद आला, इतकंच.

संस्थेतल्या न्यायाबद्दल बोलताना अभ्यासक तीन गोष्टी वेगळ्या काढतात. काय मिळालं, ते कसं ठरलं आणि ते कसं सांगितलं. आपण भांडतो ते बहुतेक पहिल्यावरून, कारण ते मोजता येतं. माणसाच्या मनात राहतात मात्र उरलेल्या दोन. जेराल्ड लेव्हेंथाल यांनी १९८० साली दुसऱ्या गोष्टीसाठी सहा कसोट्या मांडल्या होत्या. सगळ्यांना एकच नियम, ठरवणाऱ्याचा स्वतःचा स्वार्थ बाजूला, माहिती खरी, चुकलेला निर्णय दुरुस्त करायची सोय, ज्यांच्यावर परिणाम होणार त्यांचं म्हणणं ऐकलेलं आणि एकूण व्यवहार नीतीला धरून. यातल्या तीन-चार तर कुठलीही संस्था कागदावर पाळते. घोडं अडतं ते दुरुस्तीपाशी. समजा त्या बाईंना त्या निवडीबद्दल शांतपणे विचारायचं होतं, ‘माझं नेमकं कुठे चुकलं?’ कुणाकडे जायचं होतं त्यांनी? ज्यांनी निवड केली त्यांच्याकडे? की ज्याची निवड झाली त्याच्याकडे? दहा महिन्यांपासून तर विभागातली सगळी दारं तुमच्याच केबिनमध्ये उघडतात. तुमच्या निर्णयाविरुद्ध दाद मागायला तुमच्याशिवाय दुसरा माणूस विभागाबाहेर असला पाहिजे, त्याचं नाव सगळ्यांना ठाऊक असलं पाहिजे आणि त्याच्याकडे गेलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी कुणी ‘काय, वरपर्यंत गेलात म्हणे’ असं हसत विचारता कामा नये. ही एक गोष्ट महिनाभरात होण्यासारखी आहे, ती आधी करून टाका.

म्हणणं ऐकण्याबद्दल एक सावधगिरी. जॉन थिबो आणि लॉरेन्स वॉकर यांनी १९७५ साली न्यायालयीन वादांच्या अभ्यासातून दाखवलं होतं की आपली बाजू मांडायची नीट संधी मिळाली तर हरणाऱ्यालाही ती प्रक्रिया न्याय्य वाटते. हे वाचून काही साहेब लोक भलताच धडा घेतात. निर्णय आधीच झालेला असतो आणि मग ‘तुमची मतं हवी आहेत’ म्हणून बैठक बोलावली जाते. माणसांना हे लगेच कळतं आणि एकदा कळलं की पुढे ती खरंखुरं मत देणंही बंद करतात. ठरलेलं असेल तर ‘ठरलंय’ म्हणा, कारण सांगा. ठरलं नसेल तेव्हाच विचारा.

आता तुमच्या ‘अगदी घरच्यासारखं’बद्दल. या शब्दांची मला जरा धास्ती आहे. घरात कामं वाटलेली नसतात, पडलेली असतात. जो एकदा उचलतो त्याच्या ती अंगालाच चिकटतात. घरात एकाचे लाड जास्त होतात आणि कुणी लेखी कारण मागत नाही. कोण घरचं आणि कोण आलं-गेलं, हे न बोलता सगळ्यांना माहीत असतं. आपल्या भाषेत पंक्तिप्रपंच असा एक अख्खा शब्द आहे, तो काही उगाच तयार झालेला नाही. वाढणाऱ्याच्या मनात वाईट नसतं, हात आपोआप ओळखीच्या पानाकडे वळतो. संस्थेत माणसाला प्रेम मिळालं तर उत्तमच. पण आधी त्याला हक्काने काय मिळणार हे स्पष्ट हवं, नाहीतर सगळंच कुणाच्या तरी मर्जीवर येतं.

तुम्हाला उपदेश करतेय, तर माझंही सांगायला हवं. काही वर्षांपूर्वी एका ठिकाणी मी नऊ जणांच्या टीमची प्रमुख होते. दर सोमवारी बैठक व्हायची आणि तिचं इतिवृत्त एक तरुण सहकारी लिहायची. का, तर पहिल्याच आठवड्यात मी म्हटलं होतं, ‘तू लिहितेस का? तुझं अक्षर छान आहे.’ माझ्या लेखी ते कौतुक होतं. तीन वर्षांनी ती जाड वही संपली. नवी वही मागायला ती आली नाही, जुनी माझ्या टेबलावर ठेवून जागेवर जाऊन बसली. मी सहज चाळायला घेतली. निळी शाई, समास आखलेला, प्रत्येक बैठकीत कोण काय बोललं ते नावानिशी. तिचं स्वतःचं नाव शोधायला लागले तर अख्ख्या वहीत चार ठिकाणी सापडलं, त्यातलं एक ‘रजेवर’. लिहिणाऱ्याचा हात गुंतलेला असतो, त्याला मध्ये बोलता येत नाही. तीन वर्षं ती माझ्यासमोर खाली मान घालून लिहीत होती आणि माझी समजूत अशी की ही मुलगी स्वभावानेच अबोल आहे. त्या काळात मी स्वतःला फार न्यायी समजायचे, हे वेगळं सांगायला नको.

लिंडा बॅबकॉक आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी २०१७ साली या प्रकारच्या कामांवर प्रयोग प्रसिद्ध केले. तीन अनोळखी माणसांचा गट, दोन मिनिटं वेळ. कुणीतरी एकाने बटण दाबायचं. दाबणाऱ्याला इतरांपेक्षा कमी पैसे मिळतात, पण कुणीच दाबलं नाही तर सगळ्यांचंच नुकसान. मिश्र गटांत हे बटण बायका पुरुषांपेक्षा बऱ्याच जास्त वेळा दाबत. गंमत पुढे आहे. फक्त पुरुषांचे गट केले तर पुरुषही तितक्याच तत्परतेने दाबायला लागले. म्हणजे बटण दाबता येत नाही असा काही प्रकार नव्हता! समोर बाई बसलेली असली की ती दाबेल, हे सगळेच धरून चालत होते, बाईसुद्धा.

तेव्हा कार्यशाळेच्या आधी तुम्ही एकटे बसा. केबिनचं दार लावा, एक कोरा कागद घ्या आणि गेले बारा महिने आठवा. एका बाजूला अशी कामं लिहा, जी झाली नाहीत तर सगळ्यांचं अडतं पण केली म्हणून कुणाला बढती मिळत नाही. इतिवृत्त, नव्या माणसाला सगळं दाखवणं, वाढदिवसाची वर्गणी गोळा करणं, रुसलेल्याची समजूत काढणं, अहवालातल्या चुका रात्री बसून सुधारणं. दुसऱ्या बाजूला ती कामं, जी वरच्यांच्या नजरेत भरतात. मोठं सादरीकरण, बाहेरच्यांबरोबरची बैठक, नवा प्रकल्प. मग प्रत्येक कामासमोर नाव लिहा. आठवणीवर विसंबू नका, मेल काढून बघा. बाईंचं नाव कुठल्या बाजूला जास्त येतं ते मी इथे बसून सांगू शकते, पण ते तुमच्या हाताने लिहिलं जाणं महत्त्वाचं आहे. हा कागद कुणाला दाखवायची गरज नाही. पहिल्या बाजूची कामं मात्र पुढच्या महिन्यापासून आळीपाळीने वाटायची. ‘कुणाला आवडेल?’ असं विचारायचं नाही, कारण त्याचं उत्तर ठरलेलं असतं.

दोन जुन्या मित्रांकडे वळू. तुम्ही लिहिलं नाहीत, पण नऊ वर्षांची मैत्री म्हणजे ऑफिस सुटल्यावर थोडं थांबणं आलं, वेगळा मेसेजचा ग्रुप आला, पार्किंगमध्ये गाडीला टेकून अर्धा तास आला. त्यात काही गैर नाही. पण दुसऱ्या दिवशी बैठकीत तुमच्यापैकी कुणी तरी म्हणत असेल, ‘ते काल आपण बोललो ना, तसंच करू.’ हे वाक्य तुम्हाला ओळखीचं वाटतंय का? तेरा माणसं त्या क्षणी एकमेकांकडे बघतात. काल काय बोलणं झालं ते त्यांना माहीत नसतं, आणि विचारलं तर आपण त्यात नव्हतो हे चारचौघांत कबूल केल्यासारखं होतं. म्हणून ती मान हलवतात. तुम्ही समजता, एकमत झालं.

मानसशास्त्रज्ञ किपलिंग विल्यम्स यांचा प्रयोगासाठी केलेला एक साधा खेळ आहे. संगणकाच्या पडद्यावर तिघं जण एकमेकांकडे चेंडू फेकतात, त्यातले एक तुम्ही. सुरुवातीला दोन-चार वेळा चेंडू तुमच्याकडे येतो. मग उरलेले दोघं आपसातच फेकत राहतात. बस्स, एवढंच. काही मिनिटांत माणसाचा मूड उतरतो, आपण कुणाच्या गणतीत नाही असं वाटायला लागतं. २००४ साली विल्यम्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढची पायरी गाठली. काही खेळाडूंना आधीच सांगितलं की समोर माणसं नाहीतच, नुसता संगणकाचा प्रोग्राम आहे. तरीही त्यांना लागलं ते लागलंच.

बाईंचं वाक्य आता पुन्हा वाचा. ‘कुणी वाईट वागलं नाही.’ बरोबर आहे, चेंडू कुणी अंगावर मारला नव्हता.

मैत्री तोडायला मी सांगत नाही, सांगितलं तरी तुम्ही तोडणार नाही. इतकंच ठरवा की बाहेर झालेलं बोलणं हे बोलणंच. बैठकीच्या आदल्या दिवशी विषय सगळ्यांना लेखी जातील, पार्किंगमध्ये सुचलेली गोष्ट बैठकीत ‘असं सुचतंय, यात काय अडचण येईल?’ अशी नव्याने मांडली जाईल आणि तुम्ही सर्वांत शेवटी बोलाल. शेवटी बोलणं कठीण जातं, हे अनुभवाने सांगते. पहिले दोन महिने मला जीभ चावावी लागली होती. प्रमुख एकदा बोलला की बाकीचे मतं मांडत नाहीत, फक्त दुजोरा देतात.

मित्र ‘बोलायचीही चोरी का’ म्हणतात त्यामागे भीती आहे. आपल्याला आता वाईट ठरवणार, ही. त्यांना वाईट ठरवू नका, भाषणही देऊ नका. तो दोन बाजूंचा कागद त्यांनाही त्यांच्यापुरता करायला लावा. बोलायला कुणी बंदी करत नाहीये. उलट आजवर जे बोलत नव्हते त्यांना बोलता यावं म्हणून हा खटाटोप आहे, आणि त्यासाठी अधूनमधून थांबावं लागतं. दुसऱ्याचं वाक्य मध्येच तोडलं गेलं तर ‘एक मिनिट, त्यांचं पूर्ण होऊ दे’ असं म्हणायची जबाबदारी त्या दोघांवरच टाका. जुन्या माणसाने म्हटलेलं सगळे ऐकतात. नव्याने म्हटलं तर तो भांडखोर ठरतो.

सन्मानाबद्दल फार लिहीत नाही, कारण त्यात न कळण्यासारखं काही नाही. माणसाचं नाव पूर्ण आणि नीट उच्चारावं. चूक दाखवायची तर दार लावून, कौतुक करायचं तर दार उघडं ठेवून. ज्याची कल्पना त्याचंच नाव, वरच्यांना मेल पाठवतानासुद्धा. आणि तुमच्या सोळांत जर कंत्राटी आणि प्रशिक्षणार्थी मोजले नसतील, तर आकडा आधी दुरुस्त करा. कामाच्या ठिकाणच्या छळाविरुद्ध आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०१९ साली १९० क्रमांकाचा करार केला. त्यातलं संरक्षण देताना माणसाच्या नोकरीच्या कराराचा प्रकार बघितला जात नाही. प्रशिक्षणार्थी, स्वयंसेवक, नोकरीसाठी अर्ज करणारे, इतकंच काय, नोकरी संपलेलेही त्यात धरलेत. तुमच्या विभागात कंत्राटी माणसाचा उल्लेख ‘तो कॉन्ट्रॅक्टवाला’ असा होतो का, एवढं एक दिवस कान देऊन ऐका.

कार्यशाळेचं विचारलंत. अलेक्झांड्रा कालेव्ह, फ्रँक डॉबिन आणि एरिन केली यांनी २००६ साली अमेरिकेतल्या ७०८ खासगी आस्थापनांची तीसेक वर्षांची माहिती तपासून पाहिली की अशा उपायांनी व्यवस्थापनाच्या जागांवर खरोखर कोण पोचलं. पूर्वग्रह कमी करायला दिलेल्या प्रशिक्षणाचा परिणाम सर्वांत कमी निघाला. सर्वांत जास्त परिणाम जिथे हे काम विशिष्ट माणसाच्या किंवा समितीच्या गळ्यात नावानिशी बांधलं होतं तिथे दिसला. तेव्हा मनुष्यबळ विभागाला सांगा, कार्यशाळा घ्या, माझी ना नाही. पण ती संपल्यावर कोणत्या तारखेला कोण काय तपासणार, हे कागदावर आल्याशिवाय सभागृह बुक करू नका. आणि फलक? मी असा एक बघितलाय. ‘आदर’ असं ठळक अक्षरांत, आणि बरोबर त्याच्याखालच्या खुर्चीत बसून एक गृहस्थ सगळ्यांचं बोलणं तोडत होते.

‘तक्रार केली नाही’ हे तुम्ही थोड्या समाधानाने लिहिलंय, ते समाधान मला काढून घ्यायचंय. एमी एडमंडसन रुग्णालयांत औषधं देताना होणाऱ्या चुकांचा अभ्यास करत होत्या. चांगल्या गटांत चुका कमी निघतील अशी अपेक्षा होती, आकडे निघाले उलटे. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासातून पुढे आलेला उलगडा असा की चांगल्या गटांत चुका जास्त होत नव्हत्या, त्या सांगितल्या जात होत्या. बाकीकडे झाकून ठेवल्या जात होत्या. त्यामुळे दहा महिन्यांत तुमच्याकडे एकही तक्रार आली नसेल तर खूश होऊ नका. उरलेल्या पंधरा जणांशी एकेकट्याने बसा. ‘काही अडचण?’ असं विचारलंत तर ‘नाही सर’ हेच ऐकायला मिळेल. विचारायचं असं : ‘गेल्या वर्षातला असा कोणता निर्णय आहे, जो तुम्हाला शेवटी कळला?’ याला उत्तर येतंच. उत्तर आलं की स्पष्टीकरण देऊ नका. लिहून घ्या आणि आठवड्याभरात त्यातल्या एका तरी गोष्टीचं काय केलं ते त्यांना येऊन सांगा.

त्या बाईंना काय? तुम्ही विचारलं नाहीत, पण झोप त्यामुळेच उडालीय. त्यांना फोन करून ‘नेमकं काय खटकलं?’ असं विचारू नका. सहा वर्षांत त्यांनी बरीच बिनपगारी कामं केली, आता हे आणखी एक नको. त्या जुन्या निवडीचे कागद काढून घ्या. त्यांना काय कळवलं होतं, कळवलं होतं का, ते शोधा. मग एक छोटं पत्र लिहा. तुम्हाला हे हे सांगायला हवं होतं, कुणी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. त्यांच्या कामातली एखादी नेमकी गोष्ट लिहा, जी आज त्यांच्याशिवाय अडतेय. ‘परत या’ नको, ‘उत्तर द्या’ नको. उत्तर बहुधा येणार नाही, तरी पाठवा.

राहिली नवी नेमणूक. प्रत्येक उमेदवाराला तेच प्रश्न, त्याच क्रमाने. मुलाखत घेणाऱ्या प्रत्येकाने आपापले गुण आधी कागदावर लिहायचे आणि मगच एकमेकांशी बोलायचं. मोकळ्या गप्पांसारख्या मुलाखतीत आपल्यासारखा बोलणारा माणूस हुशार वाटतो, असा हा साधा घोटाळा आहे. ‘आपल्यात मिसळेल ना?’ हा प्रश्न तर यादीतून खोडूनच टाका, त्याचा अर्थ पार्किंगमध्ये आपल्याबरोबर उभा राहील ना, एवढाच होतो. ज्यांची निवड होणार नाही, निदान आतल्या उमेदवारांना तरी, तुम्ही स्वतः समोर बसून सांगायचं. ‘असावं’ पुन्हा नको.

सोळांत बायका किती, हे तुम्ही पत्रात लिहिलं नाहीत. त्यावरून मला वाटतं, मोजल्या नसाव्यात. दोन असतील तर साडेबारा टक्के. समाजशास्त्रज्ञ रोझाबेथ मॉस कँटर यांनी १९७७ साली लिहिलं होतं की एखाद्या ठिकाणी एका प्रकारची माणसं पंधराएक टक्क्यांपर्यंतच असली की त्यांना व्यक्ती म्हणून नाही, आपल्या प्रकारचे प्रतिनिधी म्हणून वागवलं जातं. चुका ठळक दिसतात आणि माणूस दिसत नाही. येणारी व्यक्ती बाई असो, वेगळ्या भाषेची असो, वयाने मोठी असो, व्हीलचेअरवरची असो, ‘तुमच्याकडच्यांना काय वाटतं?’ असं तिला कुणी विचारू नये. तिला काय वाटतं, ते विचारावं.

पहिल्या दिवशी विभागाची ओळख करून द्यायला दरवेळी जिला पाठवता तिलाच पाठवू नका, त्या दोन मित्रांपैकी एकाला पाठवा. आणि पहिल्या सोमवारी बैठक सुरू होताना इतिवृत्ताची वही कुठे आहे म्हणून सगळे इकडेतिकडे बघायला लागतील, तेव्हा ती तुमच्यासमोर उघडलेली असू द्या, पेनाचं टोपण काढून.